रागाने बघितल्याच्या कारणावरून

नाशकात राहायचं असेल तर आधी नजर कुठं ठेवायची ते शिकून घ्या. समोर ठेवू नका. समोर कोणीतरी असतं आणि त्याला वाटतं की आपण त्याच्याकडेच बघतोय. सकाळी चहाबरोबर पेपर उघडलात की आतल्या पानावर, खालच्या बाजूला, बारीक टाइपात बातमी असतेच. 'रागाने बघितल्याच्या कारणावरून युवकावर कोयत्याने वार.' तिच्याखाली दुसरी, 'कट मारल्याच्या कारणावरून'. कधी 'अरे म्हटल्याच्या कारणावरून'. आणि या सगळ्यांना बातमीदार एकच विशेषण लावतो: किरकोळ. किरकोळ कारणावरून. मला हे विशेषण अन्यायाचं वाटतं. कोणी नुसतं बघितलं तरी ज्याची इज्जत जाते, त्याच्याइतका मानाला जपणारा माणूस तुम्ही-आम्ही कधी पाहिला होता? आपल्याला साहेब चारचौघांत गाढव म्हणतो आणि आपण 'हो सर' म्हणून डबा उघडतो.

म्हणून गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून झाल्यावर बाकावर बसून जी मंडळी 'आजकालच्या पोरांना मान काय चीज आहे ते माहीतच नाही' म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. अहो, माहीत असलेला तो एकच तर विषय आहे या पोरांचा. पाढे येत नसतील, सातबारा वाचता येत नसेल, पण कोणी कोणाला किती सेकंद बघितलं म्हणजे खुन्नस होते याचा हिशेब चोख असतो.

तेव्हा तुम्ही आपली नजर खाली ठेवा. रस्त्यात खड्डे भरपूर आहेत, कोणाला संशय येणार नाही.

हे झालं स्वतःपुरतं. पण घरात मुलगा असेल आणि तोही असाच मानी निघावा अशी इच्छा असेल, तर कामाला लवकर लागावं लागतं. साधारण दीड वर्षापासून. पोरगं चालायला लागतं, टेबलावर आपटतं, भोकाड पसरतं. अशा वेळी आजीनं धावत यायचं आणि विचारायचं, 'कोणी मारलं माझ्या सोन्याला? टेबलानं? थांब हं, हात रे टेबल!' आणि टेबलाला दोन चापट्या मारायच्या. पोरगं हसतं. घरातले सगळे हसतात. टेबल जागचं हललेलं नसतं, पण त्यानं आगळीक केली आणि त्याला त्याची शिक्षा मिळाली, हा धडा पक्का होतो. पुढं टेबलाच्या जागी माणूस ठेवायचं काम पोरगं स्वतःच करतं. तिथं तुमची मदत लागत नाही.

मग शाळा. चौथी-पाचवीत केव्हातरी बाई वहीत लाल शाईनं शेरा मारतात. इथं हयगय नको. दुसऱ्या दिवशी रजा टाका. एकटं जाऊ नका, सोबत मेहुणा घ्या, आणि पांढरे कपडे घालणारा, नक्की काय काम करतो ते कोणालाच माहीत नसलेला एखादा ओळखीचा घ्या. बाईंनी 'बसा' म्हटलं तरी बसायचं नाही. 'ओ मॅडम' अशी सुरुवात करायची आणि फी किती भरतो ते सांगायचं. मुलगा त्या वेळी दाराशी उभा असला पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. पुढं नववीत तो तुम्हाला उलट बोलायला लागला की त्याच बाईंकडं जायचं आणि हात जोडून म्हणायचं, 'तुम्हीच समजवा हो, तुमचं ऐकेल तो.'

शाळेतून परतताना 'आम्हाला गुरुजींनी छडीनं फोडून काढलं म्हणून आम्ही घडलो' हे वाक्य म्हणायला विसरू नका. ते फार समाधान देतं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं, कलम १७ नुसार, शाळेत मारायला बंदी घातली तेव्हापासून पिढी बिघडली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. छडी खाऊन घडलेले लोक मग मोठे होऊन काय करतात, तर मेहुणा घेऊन शाळेत जातात. पण ते असो.

वाहतुकीचे नियम हा संस्काराचा मोठा प्रांत. यात मी स्वतः पारंगत आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडं 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं, आठवत असेल. नाशिककरांनी त्यावर उपाय शोधायला किती वेळ घेतला? मला वाटतं, पंपाच्या गेटपासून मशीनपर्यंत जायला लागतो तितका. मागे पुतण्या बसला होता, असेल दहाएक वर्षांचा. मी रांगेतल्या मागच्या भल्या माणसाकडून हेल्मेट घेतलं, डोक्यावर ठेवलं, दोनशेचं पेट्रोल टाकलं, हेल्मेट परत दिलं, 'थँक्यू दादा' म्हणालो. पंपावरचा पोरगाही बघत होता, त्यालाही काही वाटलं नाही. पुढच्या वेळी पंपाजवळ आलो तर पुतण्या गाडी थांबायच्या आत उतरून पळाला. 'काका, मी मागून आणतो ना!' आणि खरंच आणलं, एका काकूंचं, गुलाबी रंगाचं. पोरगं हुशार आहे. एकदा दाखवलं की शिकतं.

सिग्नलला मामानं धरलं तर दंड भरू नका. दंड कोणीही भरतो. खिशातून फोन काढा, कोणालातरी लावा आणि तो मामाच्या कानाला लावा. 'घ्या, बोला.' पलीकडं कोण आहे याला महत्त्व नाही. पलीकडं कोणीतरी असणं हाच आपला मान. मागच्या सीटवरून हे सगळं नीट दिसतं.

सोळाव्या वर्षी त्याला बुलेट घेऊन द्या आणि सायलेन्सर लगेच बदलून घ्या. फटाके फुटल्यासारखा आवाज आला पाहिजे, म्हणजे कॉलेज रोडवरच्या लोकांना आपल्या मुलाचं अस्तित्व मान्य करावं लागतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९९-अ नावाचं एक कलम घुसवलंय, त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा झाला तर गाडी देणाऱ्या पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाची २५ वर्षं पुरी होईपर्यंत लायसन्स नाही. घाबरू नका. फोन आहे ना. आणि पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात अल्पवयीन चालकाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा पहिल्या जामिनाच्या अटींत अपघातावर ३०० शब्दांचा निबंध होता. तो जामीन पुढं टिकला नाही, पण मराठीच्या शिकवणीला घालून ठेवायला काय हरकत आहे?

आता थोडं भाषेबद्दल, कारण मान भाषेत दिसतो. दादा, भाऊ, भाई, अण्णा, आबा, नाना, अप्पा. हे सगळे शब्द आपण एकेकाळी घरात वापरत होतो. थोरला भाऊ, वडील, आजोबा. मग हळूहळू एकेक शब्द बाहेर दिला. दादा दिला, त्याची दादागिरी झाली. भाई दिला, त्याची भाईगिरी झाली. अण्णा आणि नाना फ्लेक्सवर गेले. आज घरात थोरल्या भावाला 'ब्रो' म्हणतात ते काही उगीच नाही, दुसरा शब्द शिल्लकच नाही. मावशी आणि आत्या तेवढ्या वाचल्या. आत्यागिरी अजून कोणी सुरू केलेली नाही, पण मी आमच्या एका आत्याला ओळखतो, म्हणून खात्रीनं सांगत नाही.

वाढदिवस घरात साजरा करणं हा स्वतःचा अपमान आहे. तो 'बड्डे' असतो आणि रात्री बाराला, रस्त्याच्या मधोमध, गाडीच्या बॉनेटवर असतो. केक कापायला सुरी नको. तलवार पाहिजे. ती नसेल तर कोयता. हे अवजार खरं म्हणजे उसाच्या फडातलं, ज्याच्या हातात ते दिवसभर असतं त्या ऊसतोड मजुराला कोणी कधी मान दिल्याचं ऐकिवात नाही. पण तेच अवजार ऊस सोडून केकवर चालवलं की माणसाचा भाऊ होतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि केकला त्यातून सूट नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पोलीस येऊ शकतात. येऊ द्या. त्याचीही रील होते.

फ्लेक्सची रचना मात्र नीट समजून घ्या, ती म्हणजे आपल्या समाजशास्त्राचा तक्ता आहे. मध्यभागी बड्डे बॉय, गॉगल लावून, फोनवर बोलताना. काय बोलतोय हे कोणी विचारत नाही. वर साहेब, हात जोडलेले. खाली छत्तीस डोकी, नाव आणि पदासकट, सगळे अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष. महाराज वरच्या कोपऱ्यात, टिकलीएवढे. 'हार्दीक शुभेच्या' चुकीचं लिहायचं, बरोबर लिहिलं तर परका वाटतो. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली सविस्तर आदेश दिलेत. ते कुठं लावायचे हा प्रश्न उरतो, कारण सगळे खांब भरलेत.

आणि पेपरात गुन्ह्याची बातमी वाचून हळहळणारे आपण, त्या फ्लेक्सवरच्या साहेबांच्या माणसानं सोसायटीच्या बैठकीत पाऊल टाकलं की खुर्चीतून उठतो. मी उठतो, म्हणून सांगतो. त्याच बैठकीत एक निवृत्त मुख्याध्यापक असतात. त्यांना आम्ही पाण्याच्या टाकीच्या हिशेबाचं काम दिलंय.

२०२५ मध्ये पोलिसांनी शहरात गुंडांची धरपकड केली, त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि हात जोडून म्हणायला लावलं, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'. काल बड्डेच्या रीलमध्ये कॉलर उडवणारे आज लंगडत माफी मागत होते. आपण ते व्हिडिओ किती चवीनं बघितले! फॅमिली ग्रुपवर टाकले, खाली हसणारे चेहरे टाकले, 'काय जिरवली' लिहिलं. मीही लिहिलं. काही दिवसांनी खाली गल्लीत पोरांचा खेळ चालला होता. एक पोलीस, बाकीचे गुंड. पोलीस झालेला पोरगा प्लॅस्टिकची बॅट घेऊन बाकीच्यांना 'बोल, बोल बालेकिल्ला' म्हणून बडवत होता. सगळ्यांना पोलीसच व्हायचं होतं, त्यावरून भांडण झालं. कायद्याबद्दल आदर वाढलाय असं मी समजलो आणि खिडकी लावून घेतली.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग अजून सांगितलेला नाही. तुमचा मुलगा समजा फोनवर बोलणाऱ्या घरातला नसला, तर? त्याला मानी कसं करायचं? सोपं आहे. त्याला काही देऊ नका. सिडकोत किंवा सातपूरच्या चाळीत एका खोलीत सहाजण असू द्या. आयटीआय झाल्यावर अंबडच्या कंपनीत ठेकेदारामार्फत घ्या, सहा महिन्यांनी ब्रेक द्या, परत घ्या. सुपरवायझरनं त्याला 'ए' म्हणायचं. बसमध्ये कंडक्टरनं 'ए, सरक'. मॉलच्या दारात वॉचमननं वरपासून खालपर्यंत बघायचं, आणि वॉचमनलाही दिवसभर सगळे 'ए'च म्हणतात, त्यामुळं त्याच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा नको. सोसायटीत त्याला मालाच्या लिफ्टनं पाठवायचं. चुकूनही 'अहो' म्हणू नका. नाव विचारू नका. अशी चारपाच वर्षं नीट मुरू द्या, लोणच्यासारखी. मग एक दिवस चौकातला एक माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'काय भाऊ, चहा घेतला का?' बस्स. पुढचं काम तो माणूस करतो.

या खांद्यावर हात ठेवणाऱ्यासाठीही कायदा आहे बरं का. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ८३. मुलांना टोळीत किंवा एकेकटं बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. चर्चा मात्र आपण नेहमी दुसऱ्याच टोकाची करायची: सोळा ते अठराच्या पोरांना मोठ्यांसारखी शिक्षा का नाही? त्याचीही सोय त्याच कायद्यात कलम १५ मध्ये आहे, अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्याय मंडळ तपासून ठरवतं. पण कलम ८३ बद्दल बोलायचं म्हणजे फ्लेक्सकडं मान वर करून बघावं लागतं, आणि नजरेचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

आता माझी स्कूटर. गेल्या वर्षी पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास खाली आवाज आले. काचा फुटल्याचे, हसण्याचे, पोरं पळाल्याचे. मी खिडकीशी गेलो आणि शहाण्या नागरिकासारखा पडद्यामागं उभा राहिलो. सकाळी बघितलं तर आठ गाड्या. माझ्या स्कूटरच्या सीटवर एक सरळ वार, डावीकडून उजवीकडं, टेलरनं कापावं तसा. आतला पिवळा फोम बाहेर आलेला आणि पावसानं फुगलेला. कारण असं कळलं की वरच्या गल्लीतल्या एकाला आमच्या बिल्डिंगमधल्या एकानं रागानं बघितलं होतं. पण तो बघणारा आमच्या बिल्डिंगमध्ये राहतच नव्हता. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायचा आणि त्याला चष्म्याचा नंबर लागला होता, डोळे बारीक केल्याशिवाय दिसायचं नाही.

पंचनामा झाला. सीटचे नऊशे रुपये, आरशाचे दोनशे. विमा फक्त थर्ड पार्टी. पेपरात आलं, 'तीन विधिसंघर्षग्रस्त बालकांना ताब्यात घेतले'. नावं नव्हती, अल्पवयीनांची नावं छापायला त्याच कायद्यानं मनाई आहे. पण कोण ते खालच्या दुकानदाराला माहीत होतं. 'अहो, त्यातला एक तुमच्याकडं जार टाकायचा तो.'

दोन वर्षं तो आमच्याकडं पाण्याचा जार टाकत होता. वीस लिटरचा जार खांद्यावर, लिफ्ट बंद असली तरी चौथा मजला. पेपरानं त्याचं नाव छापलं नाही आणि मला ते आठवेनाही, तेव्हा लक्षात आलं की ते मला कधी माहीतच नव्हतं. मी त्याला 'ए जार' म्हणायचो. 'ए जार, उद्या लवकर ये.' 'ए जार, चप्पल बाहेर.' तो 'हो काका' म्हणायचा.

बाकावरच्या मंडळींना हे सांगितलं तर एक म्हणाले, 'आमच्या काळी असं नव्हतं, तेव्हा पोरं थोरामोठ्यांना मानायची.' असतीलही. त्यांचा काळ कुठला ते मी विचारलं नाही. या गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापुढं डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांत तरुण पोरं कमी नव्हती. हातात काही नव्हतं. माणूस म्हणून मान मागत होती, रांगेत, शिस्तीत. त्याच वर्षी रामनवमीला रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड आले. ते दगड टाकणाऱ्यांना त्या काळी थोरमोठेच म्हणत असणार. मी हे बोललो नाही. बाकावर अध्यात्माचा विषय सुरू झाला होता.

परवा गणपतीच्या वर्गणीला पोरं आली. दार उघडलं तर पुढं तोच. बारा महिन्यांत दाढी आली होती, गळ्यात जाड काळा दोरा, मागं चौघे. पावतीपुस्तकावर पदाधिकाऱ्यांची नावं छापली होती, त्यात 'खजिनदार' समोर त्याचं नाव. दोन वर्षं जार घेऊन मी जे विचारलं नाही, ते असं छापील मिळालं.

'या ना भाऊ, आत या,' मी म्हणालो. 'चपला राहू द्या. बसा ना. चहा टाकतो.'

तो बसला नाही. घरभर एक नजर फिरवली, जार ठेवायच्या जागेवर जरा थांबला. तिथं आता फिल्टर आहे. मग पेनाचं टोपण दातानं काढलं.

'किती लिहू, काका?'

'पाचशे एक लिहा.'

त्यानं अकराशे लिहिले, पावती फाडून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली, आणि वाकून पाया पडला. सरळ होताना माझ्याकडं बघितलं. मी पायपुसण्याकडं बघत होतो.